गाडीतून उतरवलेलं इंजिन

मी इंजिन बोलतोय. गाडी नव्हे, नुसतं इंजिन. माझी गाडी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत आहे आणि मी लेमिंग्टनमध्ये. मधे फक्त दहा मैल आहेत. एवढ्या अंतराला या देशात कोणी अंतर म्हणत नाही, पण मला ते आता कधीच कापता येणार नाही.

माझा जन्म १९७४ चा, कॉव्हेंट्रीतल्याच कॅनलीच्या कारखान्यातला. एका ओळीत सहा सिलिंडर, दोन लिटर, दोन कार्ब्युरेटर. फार ताकदीचा नाही, पण समजूतदार. माझ्या अंगावर एक नंबर ठोकला आणि तोच नंबर गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदणीच्या कागदात, लिहिला. पत्रिका जुळवून लग्न लावावं तसं आम्हाला एकमेकांशी बांधलं. तो कारखाना पुढे बंद पडला. आम्ही मात्र चालत राहिलो.

पहिली चार वर्षं मी एका हेडमास्तरांकडे होतो. १९७८ साली आम्हाला डॉक्टर उल्हास पोतनीसांनी घेतलं. पुण्याहून आलेले, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. रात्री-अपरात्री हॉस्पिटलातून फोन आला की पळावं लागायचं, म्हणून त्यांना पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी हवी होती. मी त्यांना एकदाही उभं ठेवलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझं कामच ते होतं.

डॉक्टर मला गॅरेजवाल्याकडे देत नसत. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते जुना स्वेटर घालून यायचे, बॉनेट उघडायचे आणि स्टुलावर बसायचे. माझे दोन कार्ब्युरेटर म्हणजे माझ्या दोन नाकपुड्या. दोन्हींतून सारखी हवा आत गेली पाहिजे, नाहीतर मी अडखळतो. डॉक्टर एका रबरी नळीचं एक टोक स्वतःच्या कानाला लावायचे आणि दुसरं माझ्या एकेका नाकपुडीशी धरायचे. डोळे मिटून ऐकायचे. मग स्क्रू अगदी केसभर फिरवायचे. पुन्हा ऐकायचे. जन्मभर त्यांनी झोपलेल्या माणसांचे श्वास ऐकले होते. माझा श्वास त्यांना कळायला वेळ लागला नाही.

आणि हे सगळं करताना तोंडाने सतत शिव्या!

"मेल्या, आज परत शिंकतोयस? काय नाटकं आहेत तुझी! तुला भंगारात घालतो की नाही बघ."

घरात पाहुणे आले तर विचारूच नका. गॅरेजच्या भिंतीपलीकडेच जेवणाचं टेबल, सगळं मला ऐकू यायचं. वैजयंतीबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, कांदेपोहे घेऊन यायच्या आणि पाहुणे विचारायचे, "काय डॉक्टर, गाडी काय म्हणतेय?"

"म्हणतेय काय! रविवार खाते माझा. ते इंजिन फेकून द्यायला पाहिजे. एखादं दणदणीत अमेरिकन इंजिन बसवावं आणि मोकळं व्हावं."

सगळे हसायचे. वैजयंतीबाई म्हणायच्या, "बोलतायत नुसते. परवा मी त्या इंजिनावर ओला फडका ठेवला तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत." दसऱ्याला त्या माझ्यावर हळदकुंकू वाहायच्या, सुपरमार्केटातली शेवंतीची फुलं ठेवायच्या आणि डॉक्टर बाजूला उभे राहून म्हणायचे, "पूजा कसली करतेस, श्राद्ध घाल त्याचं."

पुण्याच्या माणसाला अशा बोलण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण त्या टेबलाशी डॉक्टरांचा मुलगा यतीनही बसलेला असायचा. तो कॉव्हेंट्रीत जन्मला, कॉव्हेंट्रीत वाढला. त्याच्या मित्रांच्या घरी माणूस 'मला हे आवडत नाही' म्हणाला तर त्याला ते आवडत नसायचं. यतीनने बापाचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं आणि सरळ मनाने खरं मानलं.

एकदा, नोकरीला लागल्यावर, तो गॅरेजमध्ये आला होता. म्हणाला, "बाबा, मी काही हेल्प करू?"

"नको नको. हात काळे होतील तुझे. तू तुझं काम बघ."

तो परत घरात गेला. बापाला आपल्या मुलाने चांगल्या शर्टात राहावं असं वाटलं, आणि मुलाला वाटलं, बाबांना ही कटकट एकट्यालाच सोसायची आहे. मी मधे होतो. मला बोलता आलं असतं तर त्याच दिवशी बोललो असतो.

डॉक्टर निवृत्त झाले. पंचाहत्तरीनंतर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं तिथेच धुकं. पेपर गेला, क्रिकेट गेलं, गाडीचं लायसन्स गेलं. मग वैजयंतीबाई चालवायला लागल्या आणि डॉक्टर शेजारी बसायला लागले. रविवारी दुपारी तळ्याकाठी जायचं आणि यायचं, एवढंच.

"वैजू, आता चौथा गिअर टाक. जीव घेतेस त्याचा."

"अहो, पुढे सायकलवाला आहे."

"मग त्याला ओव्हरटेक कर आणि चौथा टाक."

त्यांना रस्ता दिसत नव्हता, पण मी काय म्हणतोय ते ऐकू यायचं. आणि गॅरेजमध्ये तर त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती. प्रत्येक नट कुठे आहे ते बोटांना पाठ होतं. नळी कानाला, बोटं स्क्रूवर. तो एक तास असा होता की त्या तासात डॉक्टर आंधळे होत चाललेले म्हातारे नसायचे. ते डॉक्टर असायचे.

घरच्यांना मात्र दुसरंच दिसायचं. जानेवारीच्या गारठ्यात ऐंशीचा माणूस गॅरेजमध्ये स्टुलावर बसलेला, दिसत नाही, बोटं खरचटलेली, आणि वर तोंडाने कुरकुर. वैजयंतीबाईंचा जीव कालवायचा. मी त्यांना दोष देत नाही. गॅरेजमधल्या फ्रीजरमधून मटार काढता काढता त्या फोनवर यतीनला म्हणाल्या होत्या, "पडतील रे एखाद्या दिवशी. हे इंजिन काही त्यांना सोडत नाही."

यतीन म्हणाला असावा, मी काहीतरी करतो.

डॉक्टरांना एक्याऐंशीवं लागणार होतं. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला. त्याच्या सहा महिने आधी यतीन गाडी घेऊन गेला. "खालून गंजलीय, बाबा. वेल्डिंग करायला पाहिजे. वेळ लागेल." शहराबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत त्याने एक गाळा भाड्याने घेतला होता. शनिवार-रविवारी तो तिथे काम करायचा.

त्याने माझ्या नळ्या सोडल्या, वायरी सोडल्या, बोल्ट सोडले. साखळीने मला वर उचललं. अठ्ठेचाळीस वर्षांनी मी पहिल्यांदा गाडीबाहेर आलो. खाली बघितलं तर गाडीच्या पोटात मोठा खड्डा. तिने काहीच म्हटलं नाही. गाड्यांना इंजिनाशिवाय आवाज नसतो.

मला कोपऱ्यात फळीवर ठेवलं आणि तिथून मी सगळं पाहिलं.

अमेरिकेहून एक लाकडी खोका आला. त्यात एका नव्या इंजिनाचा नुसता सांगाडा होता. आठ सिलिंडरचं, साडेसात लिटरचं इंजिन. अशा धिप्पाड इंजिनांना बिग-ब्लॉक म्हणतात. माझ्यासारखी पावणेचार त्याच्या पोटात मावतील. यतीनने ते एकेक भाग जोडून उभं केलं. क्रँकशाफ्टचा जड दांडा बसवताना श्वास रोखून, तान्ह्या बाळाला पाण्यात सोडावं तसं. एकेक बेअरिंग तीनतीनदा मोजलं. आमटीच्या वाटीएवढे पिस्टन तेलात बुडवून आत सरकवले. प्रत्येक बोल्ट जोर मोजणारा पाना 'कट्' म्हणेपर्यंत आवळला आणि वर पांढऱ्या पेनाने खूण केली. एक गॅसकेट मनासारखी बसली नाही, तर दोन दिवसांचं काम उलगडून पुन्हा केलं.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, हेच दुखतं. त्याची मान बापासारखी तिरकी व्हायची. काम करताना बापासारखाच पुटपुटायचा, फक्त इंग्रजीत. मनात यायचं, अरे, हाच हात, हीच चिकाटी घेऊन रविवारी बापाशेजारी स्टूल ओढून बसला असतास तर!

नवं धूड गाडीत मावेना. मग कापाकापी सुरू झाली. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये लोखंडी भिंत असते, ती कापून मागे ढकलली. मला धरून ठेवणारे खालचे दांडे कापले, तिथे जाड नवे जोडले. गिअरबॉक्स गेला, ऑटोमॅटिक आला. कार्ब्युरेटर नाहीतच. सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवणार. शेवटी त्याने लॉगबुकासोबत फॉर्म भरून पाठवला आणि काही आठवड्यांनी नवं लॉगबुक आलं. त्यात माझा नंबर नव्हता.

मला त्याने फेकलं नाही. घासून पुसून चकचकीत निळा रंग दिला. वर काच ठेवून माझं कॉफी टेबल करायचं होतं म्हणे. तशी फॅशन आहे. वैजयंतीबाईंनी हात जोडले. "घरात नको रे बाबा. कार्पेटवर तेल गळेल." म्हणून मी परत त्याच गॅरेजमध्ये आलो, फ्रीजरच्या शेजारी, चादरीखाली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं झालं, जेवण झालं, आणि मग सगळी मंडळी घरी आली. गॅरेजचं दार वर केलेलं होतं. ड्राइव्हवेमध्ये चाळीस माणसं, पैठण्या, मोबाइल उंचावलेले. गाडी लाल रिबीन बांधून उभी. डॉक्टर नव्या शालीत, वैजयंतीबाईंचा हात धरून.

"बाबा, ही तुमच्यासाठी," यतीन म्हणाला. "तुम्ही नेहमी म्हणायचा ना? आता संडेला काहीच करावं लागणार नाही. Just enjoy करा."

त्याने किल्ली फिरवली. जमीन हादरली. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मुलांनी कान झाकले आणि मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी मान तिरकी केली, नेहमीसारखी. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण कान मला शोधत होते. मी चादरीखाली, पंधरा फुटांवर.

"हे... माझं कुठेय?" ते हळूच म्हणाले.

"ते जुनं? काढलं!" यतीन आनंदाने ओरडला. "हे अमेरिकन आहे, बाबा. साडेसात लिटर."

चाळीस माणसं बघत होती. शुभकार्य होतं. मुलाच्या बोटांना अजून रंग लागलेला होता, तो त्यांना दिसला नसेल, पण वास आला असणार. डॉक्टरांनी हात पुढे केला, यतीनच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "छान. फार छान केलंस हो."

वैजयंतीबाईंनी गाडीला ओवाळलं. पेढे वाटले गेले.

पुढच्या रविवारी डॉक्टर स्वेटर घालून आले. यतीन सोबत होता. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं आणि बोटांनी चाचपायला लागले.

"स्क्रू कुठेय रे?"

"स्क्रूच नाही, बाबा! हीच तर गंमत आहे. सगळं फोनवर दिसतं. हे बघा."

त्याने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. डॉक्टर त्या उजेडाकडे बघत राहिले. म्हणाले, "वा."

त्यानंतर ते गॅरेजमध्ये आले नाहीत.

वैजयंतीबाईंनी गाडी एकदाच बाहेर काढली. पाय नुसता टेकवला तर ती उसळली आणि शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा आडवा झाला. "नको गं बाई," म्हणून त्यांनी ती परत आत ठेवली. तळ्याकाठची फेरी संपली. यतीन महिन्यातून एकदा यायचा, पाच मिनिटं इंजिन चालवायचा आणि जायचा. तेवढाच त्या धुडाचा जन्म. त्याचंही वाईट वाटतं. त्याने कोणाचं काय केलं होतं?

फ्रीजर उघडताना वैजयंतीबाई फोनवर बहिणीला सांगायच्या, "हल्ली अगदी शांत झालेत. आराम करतात. रेडिओ ऐकतात." पहिले काही आठवडे त्या हे समाधानाने सांगायच्या. मग एकदा म्हणाल्या, "अगं, भाजीत मीठ घालायला विसरले मी परवा, तरी हे काही बोलले नाहीत. पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. रागवतच नाहीत गं कशावर." बराच वेळ फ्रीजरचं दार उघडं राहिलं.

वर्षभराने यतीनने मला विकायचं ठरवलं. लेमिंग्टनच्या एका गृहस्थांकडे आमच्यासारखीच गाडी होती आणि तिच्या इंजिनाला तडा गेला होता. ते गोरे गृहस्थ बसचालक होते, निवृत्त, हातात वही. शनिवारी दुपारी व्हॅन घेऊन आले. यतीनने चादर काढली. वैजयंतीबाई डॉक्टरांना घेऊन आल्या, निरोपाला म्हणून.

"याच्याबद्दल काही सांगण्यासारखं?" गृहस्थांनी सहज विचारलं.

डॉक्टर पुढे आले. त्यांचा हात माझ्यावर पडला, नव्या रंगावरून घसरला, आणि मग ओळखीच्या जागी थांबला. ते बोलायला लागले. ऑपरेशननंतर पेशंट दुसऱ्या डॉक्टरच्या ताब्यात देताना बोलतात तसे, नेमकं, सावकाश, इंग्रजीत. थंडीत चोक पूर्ण ओढा, पण ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, त्याला आवडत नाही. पाचव्या सिलिंडरकडून टकटक ऐकू येईल, ती बंद करायला जाऊ नका, ती बंद झाली तर काळजी करा. मोटरवेवरून आल्यावर एकदम बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, मग निजवा. नोव्हेंबर लागला की मागच्या कार्ब्युरेटरला पाव फेरा जास्त द्या. १९९१ मध्ये त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं होतं, तेव्हा काय दिसलं, तेही सांगितलं. गृहस्थांनी वही उघडली आणि लिहायला लागले. पानं उलटत गेली. वीस मिनिटं डॉक्टर थांबले नाहीत. अख्ख्या वर्षभरात ते एवढं बोलले नव्हते.

यतीन साखळी हातात घेऊन उभा होता. साखळी खाली ठेवली त्याने.

"बाबा," तो म्हणाला, मराठीत. "तुम्ही तर म्हणायचा, फेकून द्या."

"म्हणायचो."

"नेहमी म्हणायचा! फॉर्टी इयर्स म्हणायचा!"

"चाळीस वर्षांत फेकलं का?"

गृहस्थ वहीतून वर बघत होते. त्यांना भाषा कळली नाही, पण काहीतरी कळलं. ते व्हॅनचं दार बघायला म्हणून बाहेर गेले.

"मग त्या दिवशी बोलला का नाही? मी तेव्हाच..."

"इतक्या कौतुकाने केलं होतंस तू. लोक होते. काय बोलणार?"

वैजयंतीबाई पदराने तोंड दाबून म्हणाल्या, "मला विचारलं होतं हो त्याने. मीच हो म्हटलं. तुम्ही पडाल म्हणून."

"मी परत बसवतो," यतीन म्हणाला. "हे काढतो, तुमचं परत बसवतो. सहा महिने लागतील. लागू दे."

तो गाडीकडे गेला, बॉनेट उघडलं आणि आत वाकला. तिथे काय आहे ते त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? ती भिंत त्याने कापली होती. ते दांडे त्याने कापून भंगारात दिले होते. जिथे मी बसायचो ती जागाच त्या गाडीत शिल्लक नव्हती.

"काय रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापलंय सगळं, बाबा."

"हो का." डॉक्टरांनी माझ्यावरचा हात काढून घेतला. "वैजू, चहा टाक. त्या गृहस्थांना लांब जायचंय."

"लेमिंग्टन तर आहे हो."

"तरी टाक."

अशी माझी तिथली गोष्ट संपली.

आता मी लेमिंग्टनच्या गाडीत आहे. नवे मालक भले आहेत. ते माझ्या नाकपुड्यांवर एक काटा असलेलं यंत्र ठेवतात, काटा मधोमध आणतात आणि बॉनेट बंद करतात. चार मिनिटांचं काम. मी चांगला चालतो. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा थोडा जास्तच चांगला. डॉक्टरांचा कान शेवटी शेवटी मंदावला होता, ते फक्त मलाच माहीत होतं.

नोव्हेंबरात मालकांनी कॉव्हेंट्रीला फोन लावला होता. पाव फेरा कुठल्या बाजूला, ते वहीत लिहायचं राहिलं होतं. पलीकडून वैजयंतीबाई बोलल्या असाव्यात. मालक एवढंच म्हणाले, "नाही नाही, झोपू द्या त्यांना, उठवू नका." दुपारचे तीन वाजले होते.

वाचणाऱ्यांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस कुठल्यातरी जुन्या वस्तूवर रोज करवादत असेल, तर दया येऊन त्याची त्या वस्तूतून सुटका करू नका. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हीही कधीतरी, एकदा तरी, तुम्हाला काय आवडतं ते मुलांसमोर सरळ बोला. मुलं दुसऱ्या देशात वाढलेली असतील तर दोनदा बोला.

मालक आले वाटतं. किल्लीचा आवाज येतोय. मी पहिल्या झटक्यात सुरू होईन. मला दुसरं काही येत नाही.